ब्रेडन स्मिथचं चौथं वर्ष: पर्ड्यूने त्याच्यावर किती भार टाकावा?

वबाशकाठी (धागाकर्ता) | १० ऑगस्ट २०२५

इथे पर्ड्यूत (अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं विद्यापीठ) शिकलेले, शिकत असलेले आणि मुलांना तिथे पाठवलेले बरेच जण आहेत, हे अभियांत्रिकी प्रवेशाच्या धाग्यांवरून माहीत आहे. म्हणून विषय इथेच काढतो.

ब्रेडन स्मिथ चौथ्या, म्हणजे शेवटच्या मोसमासाठी थांबला आहे. फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हेही थांबलेत. तिघंही इंडियानातलेच. ज्यांनी कॉलेज बास्केटबॉल फारसं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्मिथ पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव रचणारा, उंची जेमतेम सहा फूट, गाव इंडियानापोलिसच्या उत्तरेचं वेस्टफील्ड. गेल्या मोसमात सामन्यामागे १५.८ गुण आणि ८.७ असिस्ट (ज्या पासवर सहकाऱ्याची बास्केट पडते तो पास). बिग टेनचा, म्हणजे पर्ड्यू ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्याचा, सर्वोत्तम खेळाडू तोच, आणि देशातल्या सर्वोत्तम पॉइंट गार्डला मिळणारा बॉब कूझी पुरस्कारही त्यालाच. ब्रूस पार्किन्सनचा ६९० असिस्टचा विद्यापीठाचा विक्रम सत्तरच्या दशकापासून उभा होता, तोही त्याने मोडला.

माझं मत आधीच सांगतो. पर्ड्यूत यापेक्षा जास्त गुण करणारे गार्ड झाले, उंच झाले, वेगवान झाले. जेडन आयव्ही २०२२ मध्ये एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) खेळाडू-निवडीत पाचवा गेला. पण अख्ख्या संघाचा खेळ एका मुलाच्या डोक्यातून चालावा, असा गार्ड मी तिथे पाहिलेला नाही. आणि अडचण नेमकी तीच आहे. ४० मिनिटांच्या सामन्यात तो गेल्या वर्षी सरासरी ३७ मिनिटं मैदानात होता. फेब्रुवारीत मिशिगन, विस्कॉन्सिन, मिशिगन स्टेट आणि इंडियाना असे सलग चार सामने आपण हरलो, तेव्हा शेवटच्या दहा मिनिटांत त्याचे पाय जड झालेले मला स्पष्ट दिसत होते.

तर प्रश्न असा, की प्रशिक्षक मॅट पेंटरने यंदा त्याचा भार कमी करावा का? आणि पुढे एनबीएत तो टिकेल असं तुम्हाला वाटतं का? जाणकारांनी लिहावंच, पण नुसतं प्रेमाने बघणाऱ्यांनीही लिहा.

आकडेमोड | १० ऑगस्ट २०२५

थोडा विदा टाकतो म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

पहिलं वर्ष ९.७ गुण, ४.४ असिस्ट. दुसरं १२.० आणि ७.५. तिसरं १५.८ आणि ८.७. दर वर्षी दोन्ही आकडे वर गेलेत. एकूण असिस्ट झाले ७५८. एनसीएएचा (अमेरिकी कॉलेज खेळांची संघटना) सर्वकालीन विक्रम ड्यूकच्या बॉबी हर्लीचा, १०७६, आणि तो १९९३ पासून कुणाला मोडता आलेला नाही. स्मिथला ३१९ हवेत. गेल्या वर्षी त्याने ३१३ दिले, ३६ सामन्यांत. म्हणजे त्याच वेगाने खेळला आणि संघ मार्चमधल्या राष्ट्रीय बाद-स्पर्धेत एखादा सामना जास्त टिकला, तर विक्रम त्याचा.

आता धागाकर्त्यांचं ऐकून मिनिटं कमी केली तर हे गणित बिघडतं. भार कमी करा म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

मृण्मयी_पेंटक्रू | १० ऑगस्ट २०२५

आहे आहे, पर्ड्यूकर हजर आहे! विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून बघते. तीन नंबरचा शर्ट घातलेली देशी मुलं मोजायला घेतली तर एका हाताची बोटं पुरत नाहीत.

टीव्हीवर न दिसणारी एक गोष्ट सांगते. चेंडू त्याच्याकडे नसतानाही तो सतत बोलत असतो. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी पडदा लावायचा (बचावपटूची वाट अडवून उभं राहायचं), कोणी कोपऱ्यात सरकायचं, हे सगळं तो हातवारे करून सांगतो. मॅकीत, म्हणजे पर्ड्यूच्या घरच्या मैदानात, इतका गलका असतो की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही, तरी ती चार मुलं त्याच्याकडे बघूनच हलतात. मग तो बाहेर बसला की सगळे एक क्षण एकमेकांकडे बघतात. तो क्षण मला फार भीतीदायक वाटतो.

शिकागोचा_पाटील | ११ ऑगस्ट २०२५

मी इलिनॉयवाला, तेव्हा माझं बोलणं त्याच हिशेबाने घ्या. पण मला हा मुलगा वाजवीपेक्षा जास्त डोक्यावर घेतलेला वाटतो.

२०२३ मध्ये पर्ड्यू पहिल्या मानांकनाचा संघ होता आणि सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ असा हरला. एनसीएएच्या पुरुष स्पर्धेत असं त्याआधी एकदाच झालं होतं, २०१८ मध्ये व्हर्जिनियाच्या बाबतीत. देशातल्या सगळ्यात बुटक्या संघांपैकी एकाने चेंडूवर दबाव टाकला आणि पर्ड्यूच्या गार्डांचे हात थरथरले. २०२४ च्या उपांत्य सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटसमोर त्याचे फटके अजिबात बसत नव्हते. सात फूट चार इंची झॅक ईडी होता म्हणून निभावलं. अंतिम सामन्यात यूकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठ) ७५-६० असं हरवलं, आणि त्यात अख्ख्या पर्ड्यूचा तीन गुणांचा फटका किती वेळा पडला? एकदा. सात प्रयत्नांत एकदा.

शिवाय सामन्यामागे तीनाहून जास्त टर्नओव्हर, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या हाती घालवणं. मोठ्या ताकदीचा गार्ड समोर आला की बचावात त्याला लपवावं लागतं. २०२५ च्या मार्चमध्ये ह्यूस्टनविरुद्ध त्यांच्या मिलोस उझानने २२ गुण केले आणि शेवटची विजयी बास्केटही त्याचीच.

मुलगा चांगला आहे, कष्टाळू आहे. पण 'पर्ड्यूचा सर्वोत्तम गार्ड' म्हणायच्या आधी जरा थांबा.

मृण्मयी_पेंटक्रू | ११ ऑगस्ट २०२५

पाटीलदादा, ह्यूस्टनचं नाव काढलंत तर पूर्ण सांगा ना! त्या सामन्यात त्याचे १५ असिस्ट होते. पंधरा! देशातल्या सगळ्यात कडक बचावासमोर. निकाल ६२-६०, आणि ती बास्केट ०.९ सेकंद राहिलेले असताना पडली. सामना इंडियानापोलिसला, म्हणजे आमच्या अंगणात. मी तिथेच होते. दोन दिवस जेवण गेलं नाही.

जुना_बॉयलर | ११ ऑगस्ट २०२५

मी जीन कीडी पर्ड्यूचे प्रशिक्षक होते त्या काळातला. मॅट पेंटर तेव्हा पर्ड्यूकडून खेळत होता आणि कोणाला वाटलं नव्हतं की हाच पुढे वीस वर्षं संघ सांभाळेल. मग ग्लेन रॉबिन्सनचं १९९३-९४ चं वर्ष पाहिलं: सामन्यामागे ३०.३ गुण, आणि एनबीएत पहिल्या क्रमांकाने निवड. तरी संघ अंतिम चारात गेला नाही, ड्यूकने अडवलं. १९८० नंतर अंतिम चारात पोचायला २०२४ उजाडलं.

हे सांगण्याचं कारण असं, की पाटील यांनी २०२४ च्या अंतिम सामन्याचा ठपका स्मिथवर ठेवला तो मला मान्य नाही. यूकॉनने त्या रात्री ठरवून एक गोष्ट केली. ईडीला एकाच बचावपटूवर सोडलं आणि बाकी चौघांना तीन गुणांच्या रेषेवर मोकळं उभंच राहू दिलं नाही. ईडीने ३७ गुण केले. करू दिले. पर्ड्यूचा सगळा डाव आत चेंडू देऊन बाहेर मोकळा नेमबाज शोधण्यावर उभा होता, आणि तो रस्ताच बंद झाला. त्यात वीस वर्षांच्या पॉइंट गार्डने जादू काय करायची?

आणि सर्वोत्तम गार्ड म्हणाल तर ते नाव ठरलेलं आहे. जॉन वुडन. १९३२ चा. पुढे यूसीएलएचा प्रशिक्षक म्हणून जगाला कळला तो वुडन, इंडियानातल्या मार्टिन्सव्हिलचा आणि पर्ड्यूचाच गार्ड. १९६९ मध्ये पर्ड्यू पहिल्यांदा अंतिम सामन्यात गेला तेव्हा समोरच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून तोच बसला होता, आणि त्याच्याच संघाने आम्हाला हरवलं. त्यामुळे दुसऱ्या जागेसाठी भांडा. :)

नागपूरकर_गार्ड | १२ ऑगस्ट २०२५

भाऊ, काहून टर्नओव्हरवरच अडकून राहिले सगळे? मी नागपूरच्या कोर्टांवर खूप वर्षं पॉइंट गार्ड खेळलो, राज्य पातळीपर्यंत. ज्याच्या हातात चेंडू जास्त, त्याच्या हातून जाणार पण जास्त. जो पासच देत नाही त्याचा पास चुकत नाही.

खरी बात दुसरी आहे. स्मिथचा पिक अँड रोल नीट बघा. कॉफमन-रेन येऊन पडदा लावतो, स्मिथ त्याच्या खांद्याला घासून निघतो, आणि मग थांबतो. बाकीचे गार्ड तिथे धावत सुटतात, हा थांबतो. मागून येणाऱ्या बचावपटूला आपल्या पाठीवर घेतो आणि समोरच्या उंच माणसाला कोड्यात टाकतो, की माझ्याकडे येतो की आपल्या माणसाकडे जातो. तो अर्धा सेकंद हेच त्याचं सगळं भांडवल. बुटक्या गार्डला उडी मारून काही मिळत नाही, म्हणून तो वेळ विकत घेतो. हे शिकवता येते, पण अंगात मुरायला वर्षं लागतात.

गेल्या वर्षी ईडी नव्हता. ज्याच्यावर भिस्त होती तो सात फूट चार इंची जेकबसन मोसमाच्या सुरुवातीलाच नडगीचं हाड मोडून बसला. म्हणजे आत उंच माणूसच नाही. अशा संघात कॉफमन-रेनचे २०.१ गुण झाले ते कोणाच्या पासवर? अर्धं श्रेय त्याच्या स्वतःच्या हातांचं, ते द्यायलाच पाहिजे. पण उरलेलं?

वबाशकाठी | १२ ऑगस्ट २०२५

नागपूरकर, 'वेळ विकत घेतो' हे फार नेमकं लिहिलंत. अनुमोदन.

पाटील, एक सांगा. तुमच्या इलिनॉयला उद्या हा मुलगा फुकट मिळाला असता तर?

शिकागोचा_पाटील | १२ ऑगस्ट २०२५

धावत जाऊन घेतला असता. तो प्रश्नच नाही. :) आणि हल्ली फुकट कोणीच मिळत नाही, हा खरा विषय आहे. तो कोणी काढतच नाहीये.

एच१बी_ची_वाट | १३ ऑगस्ट २०२५

मी काढतो. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा वापरू देऊन पैसे घेता येतात. २०२४ पासून अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा विद्यापीठ बदला, वर्षभर बसून राहावं लागत नाही. आणि या जूनमध्ये न्यायालयाने हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केल्यावर विद्यापीठं थेट आपल्या खेळाडूंना पैसे देऊ लागलीत. सगळ्या खेळांचे मिळून एका विद्यापीठाला या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत मुभा आहे.

म्हणजे बिग टेनचा सर्वोत्तम खेळाडू दर उन्हाळ्यात बाजारात उभा राहू शकतो. याच संघातून कॅम्डेन हाइडी टेक्सासला गेला, माइल्स कोल्विन वेक फॉरेस्टला गेला. त्यांना दोष नाही, मिनिटं हवी असतात मुलांना. पण स्मिथ, लॉयर, कॉफमन-रेन २०२२ ला एकत्र खेळायला लागले आणि चौथ्या वर्षीही एकत्र आहेत. आजच्या घडीला असा दुसरा मोठा संघ शोधून दाखवा. माझ्या मते स्मिथची पर्ड्यूसाठीची किंमत असिस्टमध्ये मोजायची नाही, तो थांबला म्हणून बाकीचे थांबले यात मोजायची.

सांगलीची_सुनंदा | १३ ऑगस्ट २०२५

माझा भाचा तिथे मेकॅनिकलला आहे, त्याच्यामुळे हे सामने बघायला लागले. नियम अजून अर्धे कळत नाहीत. पण एक प्रश्न पडला. तो ईडी नावाचा इतका उंच मुलगा दोन वर्षं देशातला सर्वोत्तम होता ना? मग त्यालाही असेच पैसे मिळाले असतील?

एच१बी_ची_वाट | १३ ऑगस्ट २०२५

सुनंदाताई, नाही ना! तोच तर दुखरा भाग आहे. ईडी कॅनडाचा, टोरांटोचा. आपल्या भाच्यासारखाच तोही विद्यार्थी व्हिसावर. एफ-१ वर कॅम्पसबाहेर काम करायला किती बंधनं असतात ते इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. जाहिरात करून पैसे घेणं म्हणजे काम. त्यामुळे संघातली बाकीची मुलं गाड्यांच्या, दुकानांच्या जाहिराती करत होती आणि दोनदा देशातला सर्वोत्तम ठरलेला मुलगा जवळजवळ हात बांधून बसला होता. मी तेव्हा ओपीटीच्या (विद्यार्थी व्हिसावर काम करायच्या परवानगीच्या) कागदांमागे धावत होतो. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या सात फूट चार इंची माणसाची अडचण आतून कळली.

मृण्मयी_पेंटक्रू | १३ ऑगस्ट २०२५

हे खरं आहे. आमच्या स्टँडमध्ये देशी मुलांचं ईडीवर जे प्रेम होतं त्यात व्हिसाचा वाटा मोठा होता.

आकडेमोड | १४ ऑगस्ट २०२५

धागा व्हिसाकडे गेला की परत येत नाही, हा इथला अनुभव. परत आणतो.

एनबीए. पहिल्या फेरीत ३० जण निवडले जातात, त्यांना करार पक्का मिळतो. दुसऱ्या फेरीत तसं बंधन नाही. आपला सतनाम सिंग आठवा. २०१५ मध्ये डॅलसने ५२ वा घेतला, एनबीएच्या निवडीतला पहिला भारतीय म्हणून केवढं कौतुक झालं, पण त्याला एनबीएत एकही सामना खेळायला मिळाला नाही.

आता सहा फुटांच्या आसपासचे गार्ड बघा. जेलन ब्रन्सन विलानोव्हाकडून दोन विजेतेपदं जिंकून आला, २०१८ मध्ये ३३ वा गेला. पर्ड्यूचा कार्सन एडवर्ड्स २०१९ मध्ये तोही ३३ वा. एकाने न्यूयॉर्क डोक्यावर घेतलं, दुसरा थोड्या काळात युरोपात खेळायला गेला. आणि टी. जे. मॅकॉनेल तर २०१५ मध्ये निवडलाच गेला नव्हता, आणि या जूनमध्ये इंडियाना पेसर्सकडून एनबीएच्या अंतिम मालिकेत खेळला. म्हणजे निवडीचा क्रमांक फारसं काही सांगत नाही.

जुना_बॉयलर | १४ ऑगस्ट २०२५

एडवर्ड्सचं नाव निघालं म्हणून लिहितो. २०१९, लुईव्हिल, व्हर्जिनियाविरुद्ध. ४२ गुण. कुठून कुठून मारत होता! जिंकलेला सामना शेवटच्या क्षणी जादा वेळेत गेला आणि ८०-७५ ने गेला. व्हर्जिनियाने पुढे विजेतेपद घेतलं. ती रात्र आठवली की अजून पोटात कालवतं.

पण एडवर्ड्स आणि स्मिथ एका मापात घालू नका. एडवर्ड्स गुण करणारा. त्याचा दिवस असला तर देव, नसला तर संघ उघडा. स्मिथचा फटका चुकत असला तरी संघ चालतो, कारण बाकीच्यांच्या बास्केटी पडत राहतात. तो म्हणजे एकत्र कुटुंबातली थोरली वहिनी, फडताळाच्या सगळ्या चाव्या तिच्याच कमरेला.

सांगलीची_सुनंदा | १४ ऑगस्ट २०२५

हे मात्र लगेच कळलं! आणि त्या वहिनीला बसून दोन घास खायला कोणी देत नाही, तेही पटलं.

शिकागोचा_पाटील | १५ ऑगस्ट २०२५

सुनंदाताईंनी माझ्याच मुद्द्याला हात घातला. म्हणजे तुम्ही सगळे मान्य करताय की तो दमतो. दमला की चुका होतात, आणि चुका मार्चमध्ये होतात. मग 'तो बसला की संघ कोसळतो' हे त्याचं मोठेपण कसं? संघबांधणीतली ती उणीव आहे.

२०२३-२४ चं उदाहरण घ्या. सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स आला. त्याने चेंडू वर नेण्याचं अर्धं काम उचललं, समोरच्या चांगल्या गार्डला तो धरायचा. त्याच वर्षी स्मिथचे तीन गुणांचे फटके ४३ टक्के बसले आणि संघ अंतिम सामन्यात गेला. पुढच्या वर्षी जोन्स नाही, ईडी नाही. स्मिथचे गुण वाढले, असिस्ट वाढले, पण फटक्यांचं प्रमाण ३८ टक्क्यांवर आलं आणि संघ १२ सामने हरला. मला तरी यात कारण आणि परिणाम सरळ दिसतो.

वबाशकाठी | १५ ऑगस्ट २०२५

पाटील, तुम्ही भांडायला आलात आणि माझंच म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. जोन्सचं उदाहरण अगदी नेमकं आहे. २०२४ च्या टेनेसीविरुद्धच्या सामन्यात शेवटी जो तीन गुणांचा फटका बसला तो जोन्सचाच, आणि तेव्हा चेंडूची काळजी वाहणारे दोघं होते.

आकडेमोड | १५ ऑगस्ट २०२५

प्रतिवाद. जोन्समुळे की ईडीमुळे? ईडीला दोघं दोघं धरायला धावायचे, तेव्हा बाहेरचे सगळेच मोकळे असायचे. लॉयरचंही प्रमाण त्या वर्षी उत्तम होतं. एका वर्षाच्या आकड्यांवरून भाराचा निष्कर्ष काढणं घाईचं आहे.

नागपूरकर_गार्ड | १६ ऑगस्ट २०२५

दोन्ही खरं आहे भाऊ. पण ईडी परत येणार नाही, दुसरा गार्ड आणता येते. आणि आणला पण आहे पेंटरने! इस्राएलचा ओमेर मेयर येऊन राहिला यंदा. तो व्यावसायिक संघांसोबत खेळलेला आहे, त्याला चेंडू घेऊन चालायची सवय आहे. सी. जे. कॉक्स गेल्या वर्षीच बचावात तयार झाला. आत साउथ डकोटा स्टेटहून ऑस्ट्रेलियाचा ऑस्कर क्लफ आला. जेकबसन बरा होऊन उभा. आता स्मिथला रोज सगळं करायची गरज नाही.

मी पेंटरच्या जागी असतो तर दोघं गार्ड एकत्र खेळवले असते. चेंडू मेयरने वर आणायचा, आणि स्मिथने दुसऱ्या बाजूने, बचाव हललेला असताना, पास घेऊन सुरुवात करायची. एनबीएवाल्यांनाही हेच बघायचं असते. चेंडू हातात नसताना हा काय करतो? नेमबाज म्हणून उभा राहू शकतो का? तिथे त्याच्या हातात सदतीस मिनिटं चेंडू कोणीच देणार नाही.

तिसरी_घंटा | १६ ऑगस्ट २०२५

वाचतेय. फार छान चाललंय. खेळातलं शून्य कळतं तरी सगळे प्रतिसाद वाचून काढले.

एच१बी_ची_वाट | १७ ऑगस्ट २०२५

कॅशियस विन्स्टनचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून आश्चर्य वाटतंय. मिशिगन स्टेट, २०१९ चा बिग टेनचा सर्वोत्तम खेळाडू, पॉइंट गार्ड, फार उंच नाही. परत चौथ्या वर्षासाठी थांबला. बिग टेनचा कारकिर्दीतल्या असिस्टचा विक्रम, ८९०, त्याने केला. आणि चौथ्या वर्षी झालं काय? मार्च २०२०. कोविडमुळे स्पर्धाच रद्द. ज्या एका गोष्टीसाठी थांबला ती झालीच नाही. पुढे निवडीत ५३ वा गेला.

थांबण्यात धोका असतोच. दुखापत, साथ, काहीही. म्हणून स्मिथने जे केलं ते मला मोठं वाटतं. पैशासाठी थांबला म्हणाल तर पैसे आता दुसरीकडेही मिळाले असते.

शिकागोचा_पाटील | १७ ऑगस्ट २०२५

विन्स्टनचं उदाहरण चांगलं आहे, पण त्यातून उलटंच निघतं. दोन वर्षं मोठा खेळाडू म्हणून गाजला तरी एनबीएने त्याला ५३ वाच घेतला. कॉलेजातलं मोल आणि तिथलं मोल हे दोन वेगळे बाजार आहेत. स्मिथ तिसऱ्या वर्षानंतर गेला असता तरी दुसऱ्या फेरीच्या आसपासच राहिला असता, असं मला वाटतं. मग थांबून त्याने गमावलं काय? फारसं काहीच नाही. त्याग वगैरे शब्द नकोत, शहाणपणाचा निर्णय म्हणा.

मृण्मयी_पेंटक्रू | १७ ऑगस्ट २०२५

शहाणपण म्हणा, चालेल. पण इंडियानातला मुलगा इंडियानातच थांबतो यात दुसरंही काही आहे, दादा. इथे गावागावात शाळेचे बास्केटबॉल हॉल गावाच्या लोकसंख्येला शोभणार नाहीत इतके मोठे आहेत. २०२२ मध्ये राज्यातला सर्वोत्तम शाळकरी खेळाडू म्हणून तो मिस्टर बास्केटबॉल झाला. तरी देशपातळीवर तो पाचपैकी तीन तारेवालाच होता. मोठमोठ्या विद्यापीठांची रांग लागली नव्हती. पेंटरने घेतला आणि पहिल्या दिवसापासून संघ त्याच्या हातात दिला. तसं कोणी तुमच्यावर विसंबलं तर तुम्हीही थांबाल.

सांगलीची_सुनंदा | १८ ऑगस्ट २०२५

आणि पदवीही पूर्ण होईल. ते कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

जुना_बॉयलर | १८ ऑगस्ट २०२५

सुनंदाताई, शंभर टक्के सहमत.

वबाशकाठी | १४ ऑक्टोबर २०२५

धागा वर आणतोय. असोसिएटेड प्रेसची मोसमापूर्वीची क्रमवारी आली. पर्ड्यू पहिला. मोसम सुरू होण्याआधी पहिल्या क्रमांकावर असण्याची ही विद्यापीठाच्या इतिहासातली पहिलीच वेळ!

आता माझा मूळ प्रश्न पुन्हा विचारतो, कारण आता तो जास्त महत्त्वाचा झालाय. पहिला क्रमांक म्हणजे प्रत्येक परक्या मैदानावर समोरचा संघ जिवावर उदार होऊन खेळणार. स्मिथ ३७ मिनिटं की ३२?

आकडेमोड | १४ ऑक्टोबर २०२५

अभिनंदन पर्ड्यूकरांनो. मी ३५ म्हणेन. ३२ मिनिटांत सामन्यामागे ७.५ असिस्ट धरले आणि संघ ४० सामने खेळला, तर ३०० होतात. हर्लीच्या मागेच राहील. ३५ मिनिटांत ८.२ धरले तर ३२८. विक्रमही होतो आणि पायही राहतात.

जुना_बॉयलर | १४ ऑक्टोबर २०२५

हर्लीचा विक्रम लोकांना आठवतो तो १९९१ आणि १९९२ च्या दोन विजेतेपदांमुळे. नुसत्या १०७६ मुळे नाही. पर्ड्यूकडे एनसीएए स्पर्धेचं एकही विजेतेपद नाही. मला विचाराल तर विक्रम दहाने हुकला तरी चालेल, एप्रिलमध्ये तो ताजातवाना हवा.

मृण्मयी_पेंटक्रू | १५ ऑक्टोबर २०२५

मला दोन्ही हवंय. हावरट म्हणा.

नागपूरकर_गार्ड | १५ ऑक्टोबर २०२५

मिनिटांचा आकडा सोडा. कोणती मिनिटं ते बघा. पहिल्या अर्ध्यात बारा मिनिटं झाल्यावर त्याला चार मिनिटं सलग बसवायचा, सामना कसाही असो. मेयरने त्या चार मिनिटांत चार चुका केल्या तरी बसवायचा. डिसेंबरपर्यंत हे केलं तर मार्चपर्यंत मेयर तयार होईल. जिंकत असताना बसवणं सोपं असते. हरत असताना पेंटर त्याला बसवतो का, यावर सगळं आहे.

शिकागोचा_पाटील | १५ ऑक्टोबर २०२५

हे पटलं. आणि माझा अंदाज असा की नाही बसवणार. पहिल्या क्रमांकाचा संघ पाच गुणांनी मागे आहे, मॅकीत चौदा हजार लोक ओरडताहेत आणि प्रशिक्षक आपला सर्वोत्तम गार्ड बाकावर ठेवतोय? फार कमी जणांना जमतं ते. जमवलं तर मी इथे येऊन पेंटरला आणि स्मिथला दोघांनाही दाद देईन, इलिनॉयचा शर्ट घालून.

एच१बी_ची_वाट | १५ ऑक्टोबर २०२५

पाटील, या वेळी पर्ड्यू-इलिनॉय सामना एकत्र बघू. शिकागोतले अजून कोण कोण आहेत? हात वर करा.

वबाशकाठी | १६ ऑक्टोबर २०२५

नागपूरकरांचं 'कोणती मिनिटं' हेच मोजायचं ठरवलंय. प्रत्येक सामन्यात स्मिथ कधी बसला, किती वेळ बसला आणि तेवढ्या वेळात धावफलक किती हलला, हे लिहून दर सोमवारी इथे टाकेन. आकडेमोड, तक्ता कसा करायचा ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू.